कोरड्या टाकीत घेतलेलं गाणं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाशी वाद घालायचा नाही. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या डोळ्यांसमोर घडलंय. त्यातली माणसं आजही नाशिक जिल्ह्यातच राहतात, म्हणून आडनावं तेवढी लिहीत नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

रविवार, १० जानेवारी १९९९. दुपारचे पावणेतीन. डोक्यावर स्वच्छ ऊन.

विंचूरहून लासलगावला जाताना, मुख्य रस्ता सोडून आत शेतात, कांदा सुकवायचा एक कारखाना होता. चार वर्षांपासून बंद. त्याच्या आवारात, जमिनीखाली, एक टाकी होती.

सगळं त्या टाकीपासून सुरू झालं.

माझी बहीण शुभांगी. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. पण गोष्ट सांगताना नुसतं शुभांगी म्हणते, म्हणजे सोपं जाईल. तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणापासून पेटी शिकलेली. कान असा तयार, की घरातला पंखा कुठल्या सुरात घरघरतोय ते सांगायची.

कॉलेजात तिची आणि जीवनची गाठ पडली. जीवन गिटार वाजवायचा आणि गायचा. मखमलाबादला त्यांची फुलशेती. वडील नव्हते. आई, कलाबाई, पहाटे फुलबाजारात टोपल्या घेऊन बसायची आणि संध्याकाळी घरी ओट्यावर हार ओवायची. सगळी वस्ती तिला ‘बाई’ म्हणायची. जीवनसुद्धा.

जीवन स्वस्थ बसणारा मुलगा नव्हता. बसला तरी पाय हलत राहायचा. जेवताना बोटं ताटावर वाजायची. एक गाणं अर्धं झालं की त्याला ते जुनं वाटायचं. पण गळा मात्र असा होता की तो गायला लागला की कॅन्टीनमधली भांडी घासणारी पोरंही थांबायची.

तिसरा समर्थ. तो ड्रम वाजवायचा. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा. चौथा ओवेस, भद्रकालीत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. तो वाजवायचा नाही, रेकॉर्डिंग करायचा. कुवेतहून आलेल्या मामूने त्याला चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणून दिला होता. नाशकात तेव्हा तसलं यंत्र क्वचितच कुणाकडे असेल.

या चौघांचा बँड, शुभांगी कीबोर्डवर. नाव ‘धूसर’.

त्यांचं संगीत आमच्या घरात कुणालाच कळायचं नाही. एकेक गाणं बारा-बारा मिनिटांचं. मध्येच लय बदलायची. शब्द अगदी थोडे. सूर लांबून धुक्यातून आल्यासारखे. लोकांना गणपतीत ऑर्केस्ट्रा हवा असायचा, आणि ही पोरं डोळे मिटून एकच सूर पाच मिनिटं धरून बसायची. पण त्यांना त्याचं वेड होतं.

अडचण एकच होती. त्या संगीताला घुमारा लागतो. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी यंत्रं असतात. यांच्याकडे काहीच नव्हतं. समर्थच्या घरच्या गच्चीवर घेतलेलं रेकॉर्डिंग सपाट, कोरडं येत होतं. जीवन ते ऐकून चिडायचा, टेप पुसून टाकायचा, पुन्हा घ्यायला लावायचा.

मग ओवेसला सुचलं. एखादी रिकामी टाकी शोधायची. आत एका कोपऱ्यात स्पीकर सोडायचा, दुसऱ्या कोपऱ्यात माइक. वर वाजवायचं, खाली घुमतं ते टेपवर घ्यायचं. समर्थच्या वडिलांच्या ओळखीने त्या बंद कारखान्यात शिरायची परवानगी मिळाली. तिथला राखणदार बहिरू आवारातच खोपटं करून राहायचा. त्याच्याच खोपटातून वायर ओढली. त्या भागात लाइट सकाळी अकराला यायची आणि चारला जायची, म्हणून रेकॉर्डिंग दुपारीच.

टाकी खोलीएवढी मोठी. चारही बाजूंनी सिमेंट. वर माणूस उतरेल एवढं चौकोनी तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. उतरायला भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या.

आत ओल नव्हती. पाल नव्हती. कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहिलं रेकॉर्डिंग झालं. जीवनने गिटारचा एक तुकडा वाजवला. ऐन मध्यावर बहिरूचा कुत्रा, चित्र्या, टाकीच्या तोंडाशी येऊन आत बघून भुंकला. तीनदा. समर्थने त्याला हाकललं.

संध्याकाळी ओवेसच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी टेप लावली.

ओवेसने ती मागे घेऊन पुन्हा लावली.

तसा घुमारा त्यांनी कधीच ऐकला नव्हता. सूर संपायचा आणि तरीही राहायचा. आणि कुत्र्याचं भुंकणं… ते तर दूरच्या डोंगरातून कुणी हाक मारावी तसं आलं होतं. जीवन म्हणाला, हे काढायचं नाही. असंच ठेवायचं.

पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा चित्र्या शेपूट हलवत धावत आला. त्यांच्यासमोर उभा राहिला. मान वर केली. तोंड उघडलं…

आवाज आला नाही.

पुन्हा उघडलं. छाती हलली, गळ्याच्या शिरा ताणल्या. भुंकण्याचं सगळं झालं. फक्त भुंकणं नाही.

“आठ दिस झालं,” बहिरू म्हणाला. “भुकतच नाय. खातो, पितो, समदं बरं हाय. पन आवाज नाय.”

घशाला काही लागलं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. शुभांगीनेही.

त्या दिवशी समर्थला कारखान्याच्या छपरात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा सापडला. कारखाना चालू असताना पाळी बदलली की तो वाजवायचे. हातोडीने मारला की देवळातल्या घंटेसारखा खणखणायचा. समर्थने तो सोडवून टाकीच्या तोंडावर दोरीने टांगला आणि ओवेसने इशारा केल्यावर एक ठोका दिला. ठोका आत गेला आणि घुमतच राहिला. हेडफोन लावलेला ओवेस अर्धा मिनिट हात वर करूनच बसला होता, कुणी बोलू नये म्हणून.

आणखी आठ दिवसांनी तोच ठोका पुन्हा घ्यायचा होता. समर्थने हातोडी मारली.

खट्.

हातोडीचा तेवढा आवाज झाला. लोखंडाचा झालाच नाही. समर्थने जोर लावून मारलं. मग दगडाने मारलं. रूळ हलत होता, थरथरत होता. शुभांगीने त्याला हात लावून पाहिला. बोटांना थरथर लागत होती. कानाला काही नाही.

तिने हात मागे घेतला.

ती बहिरूला बाजूला घेऊन विचारायला लागली. या टाकीत कधी काही झालंय का? कुणी पडलं, कुणी गेलं?

“नाय वो ताई,” बहिरू म्हणाला. “हितं कुनीच मेलं नाय. मेलं असतं तर बरं झालं असतं, त्याला नाव तरी देता आलं असतं. ह्या टाकीत पानीच थांबत नाय. सांजला भरली की सकाळी कोरडी. चीर नाय, गळती नाय. लय मिस्तरी आले नि गेले.”

परतीच्या रस्त्यात, समर्थच्या गाडीत, शुभांगीने ते सगळ्यांना सांगितलं. कुत्रा आणि रूळ. जे त्या टाकीत वाजलं ते टेपवर आलं, आणि बाहेरचं गेलं. जीवनची गिटार आणि तिचा कीबोर्ड वाचले, कारण त्यांचे सूर वायरीतून स्पीकरमध्ये जात होते. ती टाकीच्या तोंडावर थेट कुणी वाजवली नव्हती. समर्थ हसला, पण फार नाही.

जीवन मात्र खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा पाय हलत होता.

“मग तर गायलंच पाहिजे,” तो म्हणाला. “आत गेलेलं टेपवर राहतं ना? कायमचं?”

शुभांगीने त्याला टाकीत न गाण्याची शपथ घातली. तो हो म्हणाला. मध्ये परीक्षा आली. ती संपल्यावर, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, तो म्हणाला की फक्त गिटारचा शेवटचा तुकडा राहिलाय.

तिथे पोहोचल्यावर त्याने गिटार काढलीच नाही. झाकण सरकवलं आणि कड्या धरून खाली उतरायला लागला. शुभांगीने त्याचं मनगट पकडलं. त्याने ते हलकेच सोडवलं. चार मिनिटांचं तर गाणं आहे, असं म्हणाला आणि खाली गेला.

शुभांगी टाकीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसली. ओवेस दहा हातांवर, रेकॉर्डरपाशी, कानाला हेडफोन लावून. समर्थ त्याच्या शेजारी.

ओवेसने बटण दाबलं. पावणेतीन वाजले होते.

शुभांगी वाट बघत राहिली.

एक मिनिट झालं.

खालून काहीच येत नव्हतं. ना गाणं, ना पावलांचा आवाज, ना श्वास. टाकीच्या अंधारात तिला जीवनच्या शर्टाची पांढरी कड तेवढी दिसत होती. ती हलत नव्हती.

तिने ओवेसकडे पाहिलं…

ओवेसचे डोळे मिटलेले होते. मान हलत होती. तो गाणं ऐकत होता.

शुभांगी उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला.

जीवन गात होता.

शब्द नव्हते. नुसता आलाप. इतका सुंदर, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खूप दुरून येत होता, डोंगराच्या पलीकडून आल्यासारखा.

तिने हेडफोन काढला.

शांतता. शेजारच्या मळ्यात मोटारीची घरघर. बस्स.

पुन्हा लावला. आलाप.

ती पळत टाकीच्या तोंडाशी गेली आणि ओरडून हाका मारायला लागली. ओवेसने टेप थांबवली. जरा वेळाने जीवनचा हात पहिल्या कडीवर दिसला. तो वर आला. अंगावर कुठे खरचटलेलंही नव्हतं. त्याने शुभांगीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं…

चित्र्यासारखं.

नाशिकमध्ये दाखवलं, मुंबईला नेलं. घशात दुर्बीण घालून पाहिली. स्वरयंत्र ठणठणीत. एका डॉक्टरांनी मनाचा धक्का सांगितला. पण मनाच्या धक्क्याने बोलणं जातं. जीवन खोकला तरी आवाज होत नव्हता. शिंकला तरी होत नव्हता. शीळ घातली तर ओठांतून नुसती हवा. चारच दिवसांनी संक्रांत होती. घरी येणारं प्रत्येक माणूस त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोल म्हणत होतं, आणि कलाबाई पदराने डोळे पुसत आत जात होती.

बँड तिथेच संपला.

पण ओवेस आणि समर्थला वाटलं, पोराच्या गळ्याचं काही तरी राहावं. त्यांनी त्या सगळ्या रेकॉर्डिंगची कॅसेट बनवली. बावन्न प्रती काढल्या आणि त्यातल्या पन्नास कॉलेजच्या गॅदरिंगला वाटल्या. शेवटचं गाणं म्हणजे तो आलाप. उरलेल्या दोनांतली एक ओवेसने ठेवली, एक जीवनला नेऊन दिली. त्याने हातात घेतली नाही.

ती कलाबाईने घेतली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हार ओवताना ती तो आलाप लावायची. संपला की मागे घ्यायची आणि पुन्हा लावायची. टेप सुरू झाली की जीवन उठून मळ्यात निघून जायचा. सगळ्यांना वाटायचं, स्वतःचा गेलेला आवाज ऐकणं त्याला सहन होत नाही. तो वहीत लिहून बोलायचा. पण टाकीचा विषय निघाला की वही मिटायचा.

वर्षं गेली. शुभांगीला सातपूरला नोकरी लागली, लग्न झालं. दर दसऱ्याला ती कलाबाईकडे झेंडू घ्यायला जायची, थोडा वेळ बसून यायची.

२००३ च्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती गेली तेव्हा टेप चालू होती. शुभांगी ओट्यावर बसली. कलाबाई सुईत फूल घालता घालता हसली.

“पहिलं लय लांबून यायचा गं त्याचा आवाज,” ती म्हणाली. “आता बघ. कसा जवळ आलाय.”

शुभांगीने कान दिला…

घुमारा नव्हता.

आलाप तोच होता, सूर तोच. पण डोंगरापलीकडून येत नव्हता. ओट्याच्या त्या कोपऱ्यातून आल्यासारखा येत होता. दोन सुरांच्या मध्ये श्वास घेतलेला ऐकू येत होता. ओठ ओले केल्याचासुद्धा आवाज येत होता.

ती झेंडू न घेताच तिथून निघाली आणि थेट भद्रकालीत ओवेसच्या दुकानात गेली.

ओवेसने आपली प्रत शोधून काढली. ९९ पासून ती डब्यात पडून होती, एकदाही न वाजवलेली. त्याने लावली. त्या प्रतीतही आवाज तितकाच जवळ होता. मग त्याने मूळ टेप लावली. तीही तशीच.

“टेप झिजली तर आवाज कमी होतो,” ओवेस म्हणाला. “घुमारा असा निघून जात नाही, शुभांगी. मी पंचवीस हजार टेपा दुरुस्त केल्या असतील. असं होतच नाही.”

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, दोघे मखमलाबादला गेले. कलाबाई बाजारात होती. जीवन गुलाबाच्या वाफ्यात काम करत होता. शुभांगीने त्याला आवाज जवळ आल्याचं सांगितलं. खुरपं त्याच्या हातातून गळून पडलं. तो तिथेच बांधावर बसला. मग खिशातली वही काढली.

तिच्यात लिहिलं ते असं होतं.

‘मी गायलोच नाही. खाली उतरलो तेव्हा ते आधीपासून गात होतं. माझ्या आवाजात. मी तोंड उघडलं ते थांब म्हणायला.’

ओवेसने ते मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबला.

शुभांगीने विचारलं, पाच वर्षांत हे सांगितलं का नाहीस? जीवनने खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘बाईला तेवढंच उरलंय असं वाटलं.’

पुढे काय करायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. ओवेस दुकानात परत गेला आणि मूळ टेप आणि त्याच्याजवळची प्रत मागच्या बोळात जाळली. शुभांगी जीवनबरोबर थांबली.

संध्याकाळी कलाबाई आली. हातपाय धुतले, दारात रांगोळीवर दिवा ठेवला, आत बसून फुलांची टोपली पुढे ओढली आणि टेपकडे हात नेला.

जीवनने तिच्याआधी कॅसेट काढली. दोन्ही हातांनी तिची फीत बाहेर ओढली. ओढत राहिला. फीत त्याच्या मनगटांना गुंडाळली, तुटली, जमिनीवर पसरली.

कलाबाई क्षणभर बघतच राहिली. मग उठली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली.

एवढ्या मोठ्या पोराला तिने कधी हात लावला नव्हता.

“तो तरी माझ्याशी बोलत व्हता,” ती म्हणाली. “तू काय देतोस मला?”

जीवनने खाली मान घातली. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता, आणि त्या रडण्याला आवाज नव्हता.

शुभांगीने कलाबाईला धरून बसवलं. सवयीने कलाबाईचे हात टोपलीत गेले आणि ती हार ओवायला लागली. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर अंधारून येत होतं. वाफ्यांवर अजून थोडा उजेड होता.

आणि मग गुलाबांच्या बाजूने…

“बाई…”

शुभांगीने ऐकलं. जीवननेही ऐकलं, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

हाक जीवनच्या आवाजातली होती. अगदी तोच आवाज. कॉलेजातून घरी येताना बांधावरून मारायचा तशी.

पण टेपवर ‘बाई’ हा शब्द कधीच नव्हता.

कलाबाईच्या मांडीवरचा हार खाली पडला. ती उठली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शुभांगी आजही सांगू शकत नाही. आनंद म्हणावा तर तसं नव्हतं. ती दाराकडे चालायला लागली. जीवनने तिचा हात धरला. तिने झिडकारला. त्याने पुन्हा धरला.

“बाई…”

आता ओट्याखालून.

कलाबाई थांबली. दार उघडंच होतं. दारात दिवा जळत होता. दिव्याच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं, आणि तिथे कुणीतरी श्वास घेत होतं.

ती वळली. जीवनच्या तोंडाकडे बघत राहिली. बंद ओठांकडे. तिच्याच पाच बोटांनी लाल झालेल्या गालाकडे. तिने दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं आणि एखादं लहान मूल तपासावं तसं बोटांनी चाचपून पाहिलं.

मग दाराकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाली, “माझं पोरगं घरात हाय.”

आणि तिने दार लावून घेतलं.

तिघेही आत बसून राहिले. बराच वेळ दाराबाहेर कुणी हललं नाही. मग श्वासाचा आवाज बंद झाला. पावलं वाजली नाहीत. जाताना कुणी ऐकलं नाही.

सकाळी दिवा तेल संपून विझलेला होता. अंगणात कुठलाही ठसा नव्हता.

त्यानंतर कलाबाईने कॅसेटचं नाव काढलं नाही. आता संध्याकाळी ती जीवनला समोर बसवून हार ओवते आणि दिवसभरातलं त्याला सांगते. बाजारात कोण भेटलं, शेवंतीचा काय भाव लागला. तो मान डोलावतो. कधी वहीत लिहितो, पण तिला वाचता येत नाही, म्हणून मग हातावर हात ठेवतो. मी स्वतः पाहिलंय.

ओवेस, समर्थ आणि शुभांगी यांनी मिळून वाटलेल्या कॅसेटी परत गोळा करायला सुरुवात केली. जुने वर्गमित्र, त्यांचे भाऊ, रद्दीवाले. चार वर्षांत एकतीस मिळाल्या. सगळ्या जाळल्या. जाळण्याआधी एकही वाजवली नाही.

२००७ च्या जूनमध्ये, कॅसेटवर छापलेल्या ओवेसच्या दुकानाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. नागपूरचा कुणी एक जण होता. जुन्या बाजारात त्याला ‘धूसर’ची कॅसेट मिळाली होती. त्याने लिहिलं होतं, की महाराष्ट्रात त्या काळात असं संगीत कुणी केलं होतं यावर विश्वास बसत नाही. तुमच्या या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगची सीडी काढायची माझी इच्छा आहे. शेवटच्या गाण्यात माइक गायकाच्या किती जवळ ठेवला होता? माझ्या कानाला ओठ लावून गातोय असं वाटतं. मी रोज रात्री त्याच्याबरोबर गातो.

खाली फोन नंबर होता.

ओवेसने त्याच मिनिटाला फोन लावला. शुभांगी शेजारी उभी होती. चार वेळा रिंग गेली. पलीकडे रिसीव्हर उचलला गेला.

ओवेसने नाव विचारलं. पलीकडून काही आलं नाही. त्याने आपलं नाव सांगितलं, ती टेप पुन्हा लावू नका म्हणाला, आजच जाळून टाका म्हणाला. तरी काही नाही. पण फोन ठेवलेला नव्हता. तिथे कुणीतरी होतं.

शेवटी ओवेसने विचारलं, तुम्हाला ऐकू येतंय का?

पलीकडे रिसीव्हरवर बोटाने वाजवल्यासारखं झालं.

टक.

एकदाच.

ते दोघे दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेले. पत्रावरच्या पत्त्यावर घर होतं, दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, एकटाच राहायचा, कालपर्यंत तर होता. परवापर्यंत रोज गाण्याचा आवाज यायचा. कुठे गेला ते कुणाला माहीत नव्हतं. कॅसेट आत होती की तो बरोबर घेऊन गेला, तेही कळलं नाही.

ती धरून अजून एकोणीस बाहेर आहेत.